सोपानचा बंपर आणि ठकूबाईचा रविवार

निमगाव सावाच्या सोपानला कुणाच्या मागे राहिलेलं खपत नसे, आणि कुणाच्या खाली राहिलेलं तर मुळीच नाही. माणूस बुटका असेल म्हणून असा, असा निष्कर्ष कुणी घाईने काढू नये. अंगापिंडाने तो चांगला भरदार होता, चारचौघांत उठून दिसायचा. देवाने दिलेल्या उंचीवर त्याचं समाधान नव्हतं एवढंच.

त्याचा चुलतभाऊ गोरख शेजारीच राहायचा. गोरखने घराचं जोतं तीन पायऱ्यांचं केलं, तर सोपानने चार पायऱ्यांचं केलं. गोरखने विहिरीला कठडा बांधला, तर सोपानने असा कठडा बांधला की आतलं पाणी बघायला टाचा उचलाव्या लागायच्या. गोरखच्या अंगणात तुळशीवृंदावन झालं, त्याच महिन्यात सोपानच्या अंगणातही झालं. ते एवढं उंच झालं की त्याच्या बायकोला, ठकूबाईला, पाणी घालताना तुळस दिसत नसे. ती अंदाजाने तांब्या कलंडायची आणि अंदाजानेच नमस्कार करायची. याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार न करणाऱ्या माणसाला काही अडचण नसते, असं सोपानचं सरळ गणित होतं.

सोपानकडे एक जुना छोटा ट्रक होता. टोमॅटोच्या दिवसांत तो नारायणगावच्या मार्केटला क्रेट न्यायचा, एरवी कांदा, भुसा, जे मिळेल ते. रविवारी मात्र ट्रक जुन्नरच्या बाजाराला जायचा, मग भाडं असो वा नसो. मागे हौद्यात भावकीतल्या बायका आपापल्या पाट्या घेऊन बसत. पुढे केबिनमध्ये चालकाशेजारी एक ऐसपैस जागा होती आणि ती गेणूतात्यांची होती. गेणूतात्या कोण, तर गावातले एक वडीलधारे गृहस्थ. बाजारात त्यांना काही विकायचं नसे आणि विकतही काही घ्यायचं नसे. पण केबिनमध्ये पुरुषमाणसानेच बसायचं आणि बाईमाणसाने हौद्यात, ही रीत इतकी पक्की होती की तात्यांनी ती जागा अडवली आहे असं म्हणायचं कुणाच्या मनात येत नसे. ते तंबाखू मळत, उपरणं सीटवर पसरून बसत आणि सोपानला गाडी कशी चालवावी ते सांगत. स्वतः त्यांनी आयुष्यात सायकलही चालवली नव्हती.

ठकूबाईही हौद्यातच बसे. ट्रक तिच्या नवऱ्याचा होता, पण म्हणून काही रीत बदलत नाही. मागच्या बंपरवर एक पाय ठेवायचा, हौद्याच्या मागच्या दाराची, म्हणजे फाळक्याची, साखळी धरायची आणि दुसरा पाय वर टाकायचा, हे तिला सरावाचं झालं होतं. तिच्याबरोबर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या असत. जुड्या हे निमित्त होतं. जुन्नरच्या बाजारात तिची धाकटी बहीण लंकाबाई यायची. लंकाबाईला पश्चिमेकडे, डोंगराच्या पायथ्याशी दिली होती, आणि तिच्या गावाहून निमगावला येणं म्हणजे दोन एसटी आणि सासूची परवानगी. त्यामुळे दोघी बहिणींचं जे काही माहेर उरलं होतं ते रविवारी बाजारात, दोन गोणपाटं शेजारी-शेजारी टाकून भरायचं. सहा दिवस ठकूबाई घरात जेवढं बोलायची त्याच्या दुप्पट त्या एका दुपारी बोलायची.

असं सगळं बरं चाललेलं असताना, नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा, गोरखने नवी कोरी पिकअप गाडी आणली.

गाडी आणली ते सोपानने पचवलं. पेढाही खाल्ला. पण संध्याकाळी दोन्ही गाड्या अंगणासमोर शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या आणि गोरखच्या गाडीचा हौदा सोपानच्या हौद्यापेक्षा वीतभर उंच दिसला. ते मात्र घशाखाली उतरेना. गेणूतात्यांनी दोन्ही गाड्यांना प्रदक्षिणा घातली आणि जड स्वरात निकाल दिला की ट्रक असून पिकअपपुढं बसका दिसतो. मंचरपुढं पेठ गावात रस्त्याकडेला सावळेराम नावाचा वेल्डर हौदे उचलून देतो, हेही त्यांनीच सांगितलं. एवढी माहिती त्यांच्याकडे कुठून आली हे विचारू नये. ज्याला काही काम नसतं त्याला सगळं माहीत असतं.

सोपानने लोकांना कारण वेगळं सांगितलं. माल भरला की चाकं हौद्याला घासतात, ओढ्यातनं जाताना तळाला दगड लागतात, वगैरे. ओढ्यात पाणी कधी असायचं हे कुणी विचारलं नाही. पेठला सावळेरामने हौद्याचे यू-बोल्ट सोडले, जॅक लावून हौदा चासीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, उचलला, मध्ये बाभळीचे जाड ठोकळे घातले आणि लांब बोल्टांनी पुन्हा आवळून टाकला. केबिन होती तिथेच राहिली, नुसता हौदा वर गेला. सोपान आधी ओझरला गेला, गणपतीपुढे नारळ फोडला, मग गावात शिरला. येताना उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

ट्रक गोरखच्या गाडीशेजारी उभा राहिला आणि खरोखरच चार बोटं उंच भरला. सोपानचा तो आनंद तासभर टिकला. मग गोरख घराबाहेर आला, ट्रकच्या मागच्या बाजूला गेला, बघितलं, मिशीत हसला आणि काही न बोलता आत गेला. हौदा वर गेला होता, पण मागचा बंपर चासीला जोडलेला, तो खालीच राहिला होता. दोन्हींच्या मधून पलीकडचा गोठा स्वच्छ दिसत होता. आखूड लेंग्याखालून नडग्या दिसाव्यात तसा ट्रक दिसत होता. गोरख काही बोलला असता तर सोपानला भांडता तरी आलं असतं. हसण्याला काय उत्तर द्यायचं?

दोन दिवसांत ट्रक पुन्हा पेठला. बंपरचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते गॅस कटरने कापावे लागले. बंपरही कधीतरी द्राक्षबागेच्या खांबावर आपटून मधोमध आत गेला होता, तो तापवून, घणाने ठोकून सरळ केला. चासीला वेल्डिंगची आच लावायची नाही, हा सावळेरामचा नियम. म्हणून त्याने जुन्याच भोकांत नव्या जाड पट्ट्या बोल्टने बसवल्या, त्या वर वाढवल्या आणि त्यांना बंपर टांगला. हौदा जेवढा वर गेला होता तेवढाच बंपर वर घ्यायचा, असा त्याचा हिशोब होता. सोपानला तो पटेना. त्याला मध्ये फट म्हणून दिसायला नको होती. गेणूतात्या सिमेंटच्या पाइपावर बसून "आजून वर घ्या, आजून दोन बोटं" असं सांगत राहिले आणि अखेर बंपर हौद्याला पार चिकटून बसला. मागच्या दिव्यांच्या वायरी अपुऱ्या पडल्या, त्या जोडून काळी टेप गुंडाळली. लाल-पांढरे पट्टे ओढले. हे सगळं मापून-सवरून झालं ते फाळका बंद ठेवून. फाळका उघडायची वस्तू असते हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

ते नारायणगावच्या मार्केटात हमालांच्या लक्षात आलं. फाळका सोडला तो धाडकन बंपरवर आदळला आणि तिरपा तसाच राहिला, खाली पडेना. हमालांना क्रेट त्या उतरणीवरून उचलून घ्यावे लागले. त्यांनी सोपानच्या कारागिरीचा असा उद्धार केला की शेजारच्या गाड्यांवरचे लोकही काम सोडून ऐकायला आले. ट्रक तिसऱ्यांदा पेठला गेला. या वेळी बंपर खाली घ्यावा असं सावळेरामने दोनदा सुचवलं. सोपानने ते दोनदा नाकारलं. शेवटी बंपर त्याच उंचीवर ठेवून आत, हौद्याच्या पोटाखाली सरकवला. आता फाळका सुळकन खाली पडू लागला. फट दिसेना. गोरखलाही हसायला काही उरलं नाही, आणि सोपानला आठवड्याभरात प्रथमच गाढ झोप लागली.

मग रविवार आला. ठकूबाईने नेहमीसारखी पाटी आत सरकवली, साखळी धरली आणि नेहमीच्या जागी पाय ठेवला. त्या जागी आता काही नव्हतं. तिने पाय उचलून वर चाचपलं. बंपर मांडीच्या उंचीला, आणि तोही आत दडलेला. टाचेचं सोडा, अंगठाही नीट टेकेना. तरुण सुनांनी एकमेकींना ढकलत, हसत-खिदळत कसंबसं साधलं. ठकूबाईने अंगठ्यावर भार दिला, अंगठा सटकला आणि ती पाठीमागे रस्त्यावर पडली. गुडघा मुरगळला, कमरेला मुका मार बसला. सोपान धावत आला. घाबरला, हे खरं. त्याने तिला उचलून घरात नेलं, हळद-तेल गरम करून दिलं. मग बाहेर येऊन आधी बंपरचा रंग उडाला का ते पाहिलं. तेही खरं.

त्या रविवारी लंकाबाई एकटीच गोणपाटावर बसली. पुढच्या रविवारीही. सोपान तिला निरोप देऊन आला की पाय दुखतोय, बाकी ठीक आहे. ठकूबाईने विचारलं, ती काय म्हणाली? सोपान म्हणाला, काय म्हणणार, बरं म्हणाली. दोन बहिणींच्या आठवड्याभराच्या बोलण्याचं त्याने एवढं करून आणलं. तो ते सांगत असताना ठकूबाई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. तिला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायची तिची इच्छा नव्हती.

गुडघा थोडा वळू लागल्यावर तिने बाजाराला येते म्हटलं. सोपानने उपायांचा धडाका लावला. घरातलं स्टूल आणलं. त्यावरून ती चढली असती, पण जुन्नरला उतरायचं कशावर? स्टूल गाडीत टाकून न्यावं, तर ते आधी उतरवायला कुणी तरी हवं, आणि सोपानला गाडी लावल्याबरोबर भाड्याच्या मागे पळायचं असे. मग त्याने दोघा पोरांनी बगलेत धरून वर टाकावं असं सुचवलं.

"पोतं हाय का मी?" ठकूबाई म्हणाली. संसारात आवाज न चढवता तिने एवढं तिखट पहिल्यांदाच म्हटलं असावं. सोपान त्यावर हसला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना.

त्या रविवारी ती गोरखच्या पिकअपमध्ये गेली. गोरखच्या बायकोने हाक मारली, ही गेली. गोरखच्या गाडीचा बंपर बसका, गुडघ्याखाली, आणि बाहेर आलेला. दुखऱ्या पायानेही तिला चढता आलं. सगळ्या आळीने हे पाहिलं. सोपान स्वतःच्या ट्रकच्या टपावर दोर बांधत उभा होता, म्हणजे सगळ्यांत उंचावरून हे त्यालाच दिसलं. त्याने गाडी केली होती गोरखच्या वर, आणि त्याची बायको चालली होती गोरखच्या गाडीत. संध्याकाळी ठकूबाई परत आली ती मोकळी, हसरी. लंकाबाईच्या म्हशीपासून तिच्या नणंदेपर्यंत सगळ्या बातम्या घेऊन. ती हसते आहे याचं सोपानला बरं वाटलं, आणि ती कुणाच्या गाडीतून हसत आली ते आठवून भाकर गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तो पेठला निरोप देऊन आला, बंपर पुन्हा करायचा. सावळेराम आता वैतागला होता. आपल्याला हौदा कळतो, बंपर कळतो, पण चढणारं माणूस बघितल्याशिवाय आता आपण हत्यार उचलणार नाही, असं त्याने स्पष्ट कळवलं. जिला चढायचंय तिलाच घेऊन या.

ठरल्या दिवशी सकाळी ठकूबाई इरकली नेसून तयार झाली. आणि मग प्रश्न आला की ती पेठपर्यंत जायची कशी, कारण हौद्यात तिला चढता येत नव्हतं आणि चढता येत नव्हतं म्हणूनच तर पेठला जायचं होतं. सोपानने क्षणभर विचार केला. मग त्याने तिला एसटी स्टँडवर सोडायला शेजारचा पोरगा सायकलवर दिला, आणि स्वतः गेणूतात्यांना शेजारी बसवून ट्रक घेऊन निघाला. यात काही विचित्र आहे असं त्याला वाटलं नाही, तात्यांना वाटलं नाही आणि, खरं सांगायचं तर, गावात कुणालाच वाटलं नाही. ठकूबाई नारायणगावला एसटी बदलून, उभ्याने, दुखरा गुडघा सांभाळत पेठला पोचली, तोवर तात्यांचा दुसरा चहा झाला होता.

सावळेरामने तिला ट्रकमागे उभं केलं आणि पाय जेवढा सहज उचलता येईल तेवढा उचलायला सांगितला. तिने साखळी धरली आणि पाय उचलला. सावळेरामने शेजारच्या खांबावर खडूने रेघ मारली. ती रेघ बंपरच्या मूळ, पहिल्या जागेपेक्षाही खाली आली.

"म्हंजी पहिल्यापास्नंच उंच व्हता का?" सोपानने विचारलं.

"हो," ठकूबाई म्हणाली. "सवय व्हती म्हनून चढत व्हते."

सोपान खांबाकडे बघत राहिला. त्याने काही तरी बोलायला हवं होतं. तो बोललाही, पण सावळेरामशी. बंपरच्या खाली वेगळी पायरी लोंबती सोडली तर ती मागून कशी दिसेल? पुन्हा लेंगाच दिसणार. तात्या म्हणाले, साखळीची करा, वर आडकवता आली पायजे. सावळेराम म्हणाला, साखळीची पायरी हलणार, पाय पुन्हा घसरणार. तात्या म्हणाले, मग आत दुमडणारी करा, बिजागरीची. सोपान म्हणाला, बिजागरी चिखलाने धरणार. मग पट्टीची जाडी, मग रंग, मग लाल की पांढरा. तिघं ट्रकच्या मागे वाकून, हातवारे करत, रंगात आले. ज्या पायासाठी हे चाललं होतं तो पाय उन्हात तिष्ठत उभा होता, आणि खाली बस असं त्याला कुणी म्हटलं नाही.

थोड्या वेळाने पुढून दार लावल्याचा आवाज आला. सोपानने वाकून बाजूने पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो पुढे गेला. ठकूबाई केबिनमध्ये बसली होती. दाराखालची लोखंडी पायरी बुटकी, हातभरही नाही. एवढ्या कापाकापीत त्या पायरीला कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे ती चांगली शाबूत होती. ठकूबाईने सीटवरचं उपरणं घडी करून खिडकीतून बाहेर धरलं.

"तात्या, तुमचं उपरनं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, तितक्याच शांतपणे, "हे दार उघडाया कंच्या ग्यारेजात जावं लागतं?"

तात्यांनी उपरणं घेतलं. त्यांच्या घशाला काही तरी झालं असावं, कारण ते बराच वेळ खाकरत राहिले. सावळेराम खडू खिशात घालून दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. त्याला बायको होती, त्यामुळे कुठे थांबू नये हे त्याला कळत होतं.

परत निघताना सोपानने तात्यांना हौद्यात बसायला सुचवलं. तात्यांनी बंपरकडे एकदा पाहिलं, पाय उचलून बघितला, आणि आपलं पेठमध्ये एक काम राहिलं आहे, आपण एसटीने येतो, असं सांगितलं.

गाडी मंचरच्या रस्त्याला लागली. सोपान रागावलेला होता. कुणावर, हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो गिअरवर राग काढत होता. ठकूबाई काचेतून समोर बघत होती. आजवर या गाडीतून तिने रस्ता पाहिला होता तो मागे पळताना. झाड दिसायचं ते निघून गेल्यावर, गाव दिसायचं ते सुटल्यावर. आता समोरून येत होतं सगळं. ती एकेक पाटी वाचायची आणि विचारायची, हे काय, ते काय, हा रस्ता कुठं जातो. या रस्त्याने ती कैक वेळा गेली होती. सोपान आधी हुं-हुं करत होता, मग सांगू लागला. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की ही चांगलं बोलते, आणि शेजारी बसून तंबाखू न थुंकता बोलणारं माणूस या सीटवर त्याने पहिल्यांदाच बसवलं आहे. त्याला लाज वाटली. खरी लाज, गोरख हसला तेव्हाची नव्हे.

पण एक माणूस असं एका दुपारात बदलत असतं तर काय हवं होतं! निमगाव जवळ आलं. वळण संपलं की पार, आणि पारावर या वेळेला सगळं गाव बसलेलं. गोरखही असणार. सोपानने वळणाच्या अलीकडे, बाभळीखाली, गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. इंजिन चालू होतं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. त्याला म्हणायचं होतं की आता इथून जरा चालत ये, नाही तर मागे... पण मागे कशी बसणार, हे त्याचं त्यालाच आठवलं, आणि त्याने उगाचच आरसा नीट केला.

ठकूबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो कशासाठी थांबला ते तिला कळलं. एवढी वर्षं एका घरात काढल्यावर कळतंच. मघापासूनचं तिचं हसू गेलं.

"मी उतरू?" तिने विचारलं.

सोपानने समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली.

"उतरते," ती म्हणाली. "पर मंग रविवारी मी गोरखभावजींच्या गाडीत. दर रविवारी. बंपर करा न्हाईतर नका करू." तिने दाराच्या कडीवर हात ठेवला आणि वाट बघू लागली.

सोपानने पाराच्या दिशेला पाहिलं, मग कडीवरच्या त्या हाताकडे. कोपर पडल्या दिवशीचं खरचटलेलं होतं, खपली अजून पुरती गेली नव्हती. ती त्याने आजच पाहिली.

"दार नीट लाव," तो म्हणाला. "त्ये अर्ध्या वाटंत उघडतंय."

तिने दार उघडून पुन्हा जोरात ओढून घेतलं. त्याने पहिला गिअर टाकला आणि गाडी वळणावरून पाराकडे घेतली. या वेळी हॉर्न वाजवला नाही.